पुढे मावेल तेवढंच मागे

मल्हारी गांगुर्डे यांनी आपल्या फिएटला मागे रुंद चाकं बसवली आणि महिन्याभरात त्यांच्या पत्नी सुमनबाई एस.टी.ने शाळेला जाऊ लागल्या. ही १९८१ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. कॉलनीत याची दोन-तीन कारणं सांगितली जात. कोणी म्हणे नवरा-बायकोचं बिनसलं, कोणी म्हणे शाळेची वेळ बदलली. खरं कारण चाकांचं होतं, पण ते सांगूनही कोणाला पटलं नसतं.

गांगुर्डे मूळचे निफाड तालुक्यातले. आयटीआय करून ते ओझरच्या विमान कारखान्यात लागले आणि विमानाची चाकं, ब्रेक आणि ती चाकं पोटात ओढून घेणारे दांडे जिथे जोडले जातात त्या विभागात कायम झाले. तिथला एक नियम त्यांच्या लवकरच अंगवळणी पडला. ज्याने काम केलं त्याने ते पास करायचं नाही. नट कितीही नीट आवळलेला असो, दुसऱ्या माणसाने तो पाहून कागदावर शिक्का मारल्याशिवाय काम पुढे सरकत नसे. गांगुर्डे यांच्या कामावर बहुतेक वेळा शिक्का मारत ते गोटीराम अहिरे. दोघे नाशिकला एकाच कॉलनीत राहत. दिवसभर कारखान्यात गोटीराम त्यांच्या कामात खोट शोधत आणि संध्याकाळी त्यांच्याच ओट्यावर बसून चहा पीत. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

फिएट आली ती सुमनबाईंमुळे. त्यांची बदली जानोरीच्या बाजूच्या एका गावातल्या शाळेत झाली होती. शाळा दोन पाळ्यांत भरे आणि त्यांच्याकडे सकाळची पाळी होती. नाशिकहून एस.टी.ने दहाव्या मैलापर्यंत यायचं आणि तिथून द्राक्षबागांच्या कडेने चालत जायचं. थंडीत अंधार पुरता सरायच्या आत हे चालणं सुरू होई. गांगुर्डे यांनी एका गॅरेजच्या मागे धूळ खात पडलेली, समोरून ठोकर बसलेली जुनी फिएट घेतली आणि दोन वर्षांचे रविवार घालवून उभी केली. १९७७ पासून तिघांचा क्रम ठरून गेला. पुढे सुमनबाई, मागे गोटीराम, आग्रा रोडने निघायचं, आधी शाळा आणि मग कारखाना. दुपारी सुमनबाई गावातल्याच एका शिक्षकाच्या बैलगाडीतून नाहीतर भाजीच्या टेम्पोतून हमरस्त्यापर्यंत येत. परतीचं त्यांना फारसं काही वाटत नसे. सकाळचं चालणं तेवढं सुटलं होतं.

गाडी नुसती चालती करून गांगुर्डे थांबले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण ट्रकच्या मागे रखडत जाणं त्यांना सहन होत नसे. त्यांनी इंजिनाचं हेड तासून घेतलं, दुसरा कार्बोरेटर बसवला, धूर बाहेर पडायचा मार्ग मोकळा केला. आडगावच्या पुढच्या सरळ रस्त्यावर ती फिएट भल्याभल्या नव्या गाड्यांना मागे टाकी. सुमनबाईंची तक्रार नव्हती. त्यांचं म्हणणं एवढंच असे, की गाडी वेगात असताना बोलायचं नाही आणि कोणाला हात करायचा नाही.

ताकद वाढली तशी मागची चाकं पकड सोडू लागली. ओल्या रस्त्यावर, वळणातून बाहेर पडताना पाय जरा दाबला की गाडीचा मागचा भाग बाजूला सरके. गांगुर्डे ते सावरून घेत, पण आपल्या गाडीने असं वागावं हे त्यांना पटत नव्हतं. रिम रुंद करून जाड टायर घालायचे हे त्यांनी ठरवलं. प्रश्न होता तो किती रुंद, आणि पुढे किती, मागे किती.

या प्रश्नाचं उत्तर त्यांनी आपल्या कामाच्या टेबलावरून उचललं. विमानाच्या नाकाखाली एक छोटं चाक असतं आणि पोटाखाली दोन मोठी. उतरताना सगळा मार पोटाखालची चाकं खातात. ब्रेक त्यांनाच, भार त्यांच्यावरच. नाकाखालचं चाक केवळ दिशा दाखवतं. गांगुर्डे यांनी इतकी वर्षं याच चाकांची जोडणी केली होती. फिएटचंही इंजिन मागची चाकं फिरवतं, तेव्हा मागची चाकं ही कामाची आणि पुढची दिशा दाखवण्यापुरती, असा त्यांनी हिशेब केला. पुढे कंपनीची चार इंची रिम तशीच ठेवायची, मागे साडेपाच इंची करायची. स्टेअरिंग हलकं राहील, हा आणखी एक फायदा.

हे काम कारखान्यात करण्याचा विचार त्यांच्या मनात आला नाही. आडगाव नाक्याजवळ फकिरा जाधव यांचं लेथ आणि वेल्डिंगचं दुकान होतं. लासलगावला कांदा नेणाऱ्या ट्रॉल्यांचे आणि बैलगाड्यांचे आस, साटे, जोखडं ही त्यांची रोजची कामं. रिम मधोमध गोल कापायची, दोन भागांच्या मध्ये लोखंडी पट्टी घालून जोडायची आणि लेथवर चढवून ती डुगडुगत नाही ना हे बघायचं, असं काम फकिरांनी यापूर्वी केलं नव्हतं, पण ते घाबरले नाहीत. त्याआधी गांगुर्डे यांनी मागच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला ओल्या मातीचे गोळे चिकटवले, गाडीत चार माणसं बसवून खड्ड्यातून नेली आणि गोळे किती दबले ते पाहिलं. साडेपाच इंच मावत होते. पुढच्या मडगार्डला त्यांनी माती लावलीच नाही. पुढे काही बदलायचंच नव्हतं.

टायर मुंबईहून आले, एका विलायती गाडीचे, वापरलेले पण चांगले. चाकं चढली तशी गाडीची ठेवणच बदलली. मागून ती रुंद आणि बसकी दिसू लागली. फकिरा दुकानाबाहेर येऊन उभे राहिले.

"लय भारी दिसती. तालमीतून आल्यावानी. आता एक नारळ फोडा आन् पुढं लिंबू-मिरची बांधा."

गांगुर्डे म्हणाले, नट आवळले आहेत, तेवढं पुरे. त्यांच्या घरी लिंबू-मिरची बांधणं छप्पन साली, धम्मदीक्षेबरोबरच संपलं होतं.

गोटीरामांनी गाडीला एक फेरी मारली आणि पंख कधी बसवणार असं विचारलं. कॉलनीतल्या लोकांनी येता-जाता चाकांकडे पाहिलं. सरळ रस्त्यावर गाडी आता खरोखरच चांगली चाले. सुटताना चाकं जागच्या जागी फिरत नसत, मागचा भाग सरकत नसे. गांगुर्डे खूश होते. सुमनबाई दोन-तीनदा म्हणाल्या की हल्ली वळणावर तुमचे हात जास्त फिरतात. गांगुर्डे म्हणाले की स्टेअरिंग हलकं आहे म्हणून तसं वाटतं.

हमरस्ता सोडून गावाकडे वळलं की काही अंतर रस्ता सरळ जाई आणि मग कालव्याच्या मोरीपाशी डावीकडे वळे. उजव्या हाताला कालव्याचा भराव. द्राक्षबागांचे ट्रॅक्टर तिथे वळत आणि बारीक खडी रस्त्यावर सांडत. डिसेंबरातल्या एका सकाळी गांगुर्डे यांनी नेहमीच्या वेगाने ते वळण घेतलं. स्टेअरिंग डावीकडे फिरलं, पुढची चाकंही डावीकडे वळली, पण गाडी सरळच गेली. गांगुर्डे यांनी स्टेअरिंग आणखी फिरवलं. काही फरक पडला नाही. मागची जाड चाकं घट्ट धरून होती आणि पुढच्या बारीक चाकांना खडीवरून ढकलत होती. गाडी भरावावर चढली, बाभळीच्या झुडपात नाक घालून थांबली. झुडपाच्या पलीकडे कालव्याचं पाणी होतं.

कोणाला लागलं नाही. मडगार्डला ओरखडा आला, एवढंच. गोटीराम मागच्या सीटवरून चष्मा शोधत होते. सुमनबाईंनी डबा आणि पिशवी उचलली, दार उघडलं, साडीला अडकलेला बाभळीचा काटा काढला आणि शाळेकडे चालू लागल्या. गांगुर्डे यांनी दोनदा हाक मारली. त्यांनी मागे पाहिलं नाही, आणि चाल वाढवलीही नाही.

संध्याकाळी घरी दोघांचं जे बोलणं झालं ते गोटीरामांनी ओट्यावरून ऐकलं आणि पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. गांगुर्डे म्हणाले, खडी होती.

"खडी तिथे रोजच असते," सुमनबाई म्हणाल्या. "पूर्वी गाडी वळायची."

त्यावर गांगुर्डे यांनी विमानाच्या चाकांची सगळी मांडणी समजावून सांगितली. भार कुठे, ब्रेक कुठे, दिशा कुठे. सुमनबाईंनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"कारखान्यात तुमचं काम तुम्हीच पास करता का?"

"नाही. गोटीराम करतो."

"मग ही चाकं कोणी पास केली?"

सुमनबाईंनी सांगितलं की दुसऱ्या कोणी पास केल्याशिवाय त्या या गाडीत बसणार नाहीत. आवाज चढला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वेटर घालून, डोक्याला मफलर बांधून एस.टी.च्या थांब्यावर उभ्या होत्या.

फिएट त्यांच्या समोरून गेली. पुढची सीट रिकामी होती. गोटीराम मागेच बसले होते. पुढे ये, असं गांगुर्डे यांनी म्हटलं तर ती जागा वहिनींची आहे, असं त्यांनी सांगितलं. मग वाटेत गांगुर्डे यांनी मुद्द्याला हात घातला. शिक्का तुझ्याकडेच आहे, तूच पास करून टाक.

"मला विचारू नकोस," गोटीराम म्हणाले. "मी मागे बसतो. मागे सगळं उत्तम आहे."

आठवडाभर असं चाललं. गांगुर्डे यांना सुमनबाईंचा राग येत नव्हता, आपली मांडणी चुकली हे मान्य होत नव्हतं, आणि दहाव्या मैलावरून कडाक्याच्या थंडीत चालत जाणारी बायको रोज आरशात दिसत होती. गाडी जिच्यासाठी बांधली तीच गाडीबाहेर होती. शेवटी त्यांनीच चाचणीचा मार्ग सुचवला. विमानाच्या टायरवर आणि रिमवर मिळून एक आडवी रंगाची खूण ओढतात. टायर रिमवर सरकला की खूण तुटते आणि बघणाऱ्याला कळतं. तशीच खूण फिएटच्या चारही टायरांवर करायची. रस्त्याला टेकणाऱ्या भागापासून बाजूपर्यंत रेघ ओढायची, वळण घ्यायचं आणि कोणती रेघ कुठपर्यंत पुसली ते बघायचं. ज्या टायरला वळणात जास्त ओढ बसेल तो कडेवर लवंडेल आणि तिथली रेघ पुसली जाईल. बघायचं काम सुमनबाईंचं.

"रंग कशाला," त्या म्हणाल्या. "खडू आहे ना."

रविवारी त्या मोरीवर उभ्या राहिल्या. गांगुर्डे यांनी एकट्याने, रोजच्यापेक्षा कमी वेगाने वळण घेतलं. एवढ्या वेगातही सुमनबाईंना बाहेरून जे दिसलं ते गाडीत बसून त्यांच्या नवऱ्याला कधीच दिसलं नसतं. पुढची चाकं गावाच्या दिशेला तोंड करून होती आणि गाडी कालव्याकडे चालली होती. बाजारात हात धरून ओढत नेलेल्या, पाय रोवून बसलेल्या मुलासारखी ती चाकं फरफटत होती, असं त्यांनी नंतर सांगितलं. गाडी थांबल्यावर त्यांनी वाकून टायर पाहिले. पुढच्या उजव्या टायरवरची रेघ कडेच्या खालपर्यंत पुसली होती. मागच्या टायरांच्या कडेवर ती सकाळी ओढली तशीच होती.

गांगुर्डे यांनीही पाहिलं. हवा कमी असेल म्हणाले. हवा भरून पुन्हा वळण घेतलं. रेघ पुन्हा तिथेच पुसली. सुमनबाईंनी हात झटकले आणि नापास म्हटलं. गोटीराम मोरीच्या दुसऱ्या टोकाला बसून शेंगा खात होते. त्यांनी मान डोलावली.

मांडणी कुठे चुकली हे गांगुर्डे यांना खडूने सांगितलं नव्हतं. ते त्यांना कारखान्यात कळलं. हँगरमधून एक विमान ट्रॅक्टरने बाहेर ओढत होते. हे दृश्य ते आल्यापासून बघत आले होते. नाकाखालच्या चाकाला दांडा लावलेला, ट्रॅक्टर सावकाश चाललेला, वळताना दोन्ही पंखांच्या टोकांशी एकेक माणूस चालतोय. त्या दिवशी ते हातातला पाना खाली ठेवून ते बघत राहिले. जमिनीवर विमान वळतं तेव्हा बाजूने माणसं चालत असतात. वेगात ते जमिनीवर वळतच नाही. धावपट्टी सरळ असते. इतक्या वर्षांत त्यांनी जोडलेल्या एकाही छोट्या चाकाने जोरात वळण घेतलं नव्हतं, आणि फिएटची पुढची चाकं तेच काम दिवसातून कितीतरी वेळा करत होती.

संध्याकाळी ते थेट फकिरांकडे गेले. मागची रिम पुढे आणि पुढची मागे लावून बघितली. स्टेअरिंग पूर्ण फिरवलं की रुंद टायर मडगार्डच्या आत घासत होता, आणि मोकळ्या जागेत फेरी मारली तर मागचा भाग पूर्वीपेक्षाही सहज सरकत होता. मग त्यांनी जे आधी करायला हवं होतं ते केलं. पुढच्या मडगार्डला मातीचे गोळे लावले, स्टेअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवलं, गाडी खड्ड्यातून नेली. पुढे पाच इंची रिमपर्यंत जागा होती. त्यावर नाही.

म्हणजे चारही चाकांची रुंदी पुढच्या मडगार्डने ठरवली. पुढे मावेल तेवढंच मागे. मागची साडेपाच इंची चाकं, जी बघायला लोक थांबत, ती काढावी लागणार होती. हे सांगताना गांगुर्डे यांचा चेहरा उतरला होता, असं फकिरांचं म्हणणं.

"तरी म्हनलं व्हतं लिंबू बांधा," फकिरा म्हणाले.

सुमनबाई त्या संध्याकाळी एस.टी.ने नाक्यावर बाजाराला आल्या होत्या आणि गाडी बघून दुकानात शिरल्या होत्या. "लिंबू पुढेच बांधतात ना, जाधवभाऊ? मग तुम्हालाही दुखणं पुढचंच वाटत होतं. मागची चाकं कशाला केलीत?"

फकिरा हसले आणि कामाला लागले. एकदा कापून जोडलेली रिम पुन्हा कापायला त्यांनी नकार दिला. जोड कच्चा राहतो म्हणाले. भंगारातून चार चांगल्या रिम आणल्या, चारही पाच इंची केल्या, चारही लेथवर फिरवून पाहिल्या. टायर चारही सारखे मिळाले. जुनी रुंद चाकं फकिरांनी ठेवून घेतली. पुढे कित्येक वर्षं ती पंचवटीच्या बाजारात एका फुलकोबीच्या हातगाडीला होती आणि ती हातगाडी ढकलायला फार हलकी जाते असं तिचा मालक सांगे.

दुसरी चाचणी शाळेच्या दिवशीच झाली. सुमनबाई एस.टी.ने आल्या, हमरस्त्यावरून चालत मोरीपर्यंत पोचल्या. फिएट तिथे उभी होती आणि गोटीराम खाली उतरून रस्त्याच्या कडेला थांबले होते. सुमनबाईंनी पिशवीतून खडू काढला आणि चारही टायरांवर स्वतः रेघा ओढल्या. गांगुर्डे मागे गेले, वळून आले आणि रोजच्या वेगाने मोरीपाशी डावीकडे वळले. खडी उडाली. गाडी गावाच्या रस्त्याला लागली आणि थोड्या अंतरावर थांबली.

सुमनबाई चालत तिथपर्यंत गेल्या. आधी पुढची उजवी, मग मागची उजवी, मग वळसा घालून डावीकडची दोन्ही चाकं पाहिली. उजव्या बाजूला दोन्ही रेघा जवळपास एकाच ठिकाणी संपत होत्या. डावीकडे दोन्ही तशाच होत्या. त्या पुन्हा पुढच्या उजव्या चाकाशी आल्या, वाकल्या, बोटाने कड चाचपली. गांगुर्डे स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसले होते. कारखान्यात शिक्क्याची वाट बघताना ते असेच बसत, असं गोटीराम सांगतात.

सुमनबाईंनी बोटं पुसली, पुढचं दार उघडलं, डबा पायाशी ठेवला आणि बसल्या.

"चला," त्या म्हणाल्या. "प्रार्थना व्हायची आहे."

गोटीराम धावत येऊन मागे बसले.

गाडी नंतर बरीच वर्षं चालली. इंजिन एकदा उघडलं गेलं, रंग एकदा झाला, टायर दोनदा बदलले. रुंदीला कोणी हात लावला नाही. १९८६ मध्ये सुमनबाईंची बदली शहरातल्या शाळेत झाली आणि सकाळी गाडीत दोघेच उरले. गोटीराम तेव्हाही मागेच बसत.

मधूनमधून सकाळी गांगुर्डे गाडी पुसायला बाहेर आले की चारही टायरांवर खडूच्या आडव्या रेघा दिसत. त्या त्यांनी कधी पुसल्या नाहीत, आणि कोणी ओढल्या असंही विचारलं नाही. संध्याकाळी परतल्यावर गाडी दारात उभी करत, घरात जाऊन हातपाय धुवायला थोडा जास्त वेळ लावत, आणि तेवढ्यात सुमनबाई बाहेर जाऊन बघून येत.